चालू दुकानाची थीम बदलताना: फोंड्यातल्या एका ऑनलाइन दुकानाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ९ जून २०२५

दुकान गोव्यातल्या फोंड्याहून चालतं. साइट वर्डप्रेसवर (साइट चालवणारी प्रणाली), त्यावर वूकॉमर्स (दुकानाची सोय देणारं प्लगइन, म्हणजे जोडता येणारा कोड). काजूगर, कोकमाची सोलं, आगळ, खोला मिरची, उकडे तांदूळ, नारळाचं तेल, खाजं. एकूण ४१२ वस्तू, त्यातल्या ५८ वस्तूंना ग्रेड आणि वजनाचे पर्याय.

थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइली) बदलण्याचं कारण दिसण्याशी संबंधित नाही. सध्याची थीम ज्यांनी बनवली त्यांनी ती सांभाळणं सोडलंय. तिच्यात 'क्रिएट फंक्शन' हे पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं) जुनं फंक्शन पाच ठिकाणी वापरलंय आणि पीएचपी ८.० मधून ते काढून टाकलेलं आहे. दुकान अजून ७.४ वर आहे, आणि ७.४ चे सुरक्षा सुधार २८ नोव्हेंबर २०२२ लाच थांबले. पीएचपी वाढवली तर दुकानाचं पांढरं पान होतं, न वाढवली तर दार उघडं राहतं.

ठरलं ते असं: आधी थीम, ती स्थिरावली की पीएचपी. दोन्ही एका दिवशी नाही. दोन गोष्टी एकदम हलवल्या की बिघाड कुठून आला हे शोधण्यातच सकाळ जाते. म्हणून नवी थीम ७.४ आणि ८.२ दोन्हींवर चालली पाहिजे, ही निवडीची पहिली अट.

तारखा: चवथ (गणेश चतुर्थी) २७ ऑगस्टला. श्रावण २५ जुलैला लागतो आणि ऑर्डरी तेव्हापासूनच चढतात. त्यामुळे थीमचा बदल १० जुलैच्या आत, नाहीतर सरळ चवथीनंतर. मालकांना हे आजच लेखी कळवलं, म्हणजे ऐन ऑगस्टमध्ये 'तेवढं उरकून टाकू' असा आग्रह व्हायला नको.

आणि एक नियम, जो पूर्ण कामात मोडायचा नाही: फाइली वर जातील, डेटा फक्त खाली येईल. नकलेवरून (चाचणीसाठी काढलेल्या साइटच्या प्रतीवरून) चालू दुकानावर थीमच्या आणि प्लगइनच्या फाइली चढवायच्या, डेटाबेस कधीच नाही. नक्कल काढली त्या दिवसापासून चालू दुकानात ऑर्डरी येतच असतात. नकलेचा डेटाबेस वर चढवला की मधल्या सगळ्या ऑर्डरी पुसल्या जातात, साठा जुन्या आकड्यांवर जातो आणि तेच ऑर्डर क्रमांक पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकांना मिळतात. पैसे मात्र बँकेत आलेले असतात. होस्टिंगच्या पॅनेलवर 'नक्कल चालू साइटवर चढवा' असं बटण असतं. पुष्कळदा ते डेटाबेससकट सगळं ढकलतं. आपल्या पॅनेलवर त्या बटणाला हात लावायचा नाही.

बुधवार, ११ जून

आजचा दिवस यादीचा. थीम म्हणजे नुसतं रूप, असं कागदावर असतं. प्रत्यक्षात चार-पाच वर्षांत दुकानाचं निम्मं वागणं थीममध्ये जाऊन बसलेलं असतं, आणि थीम बदलली की ते एका क्षणात नाहीसं होतं. कुठली सूचनाही येत नाही.

थीमच्या फंक्शन्सच्या फाइलीत ३४० ओळी निघाल्या. त्यातल्या जेमतेम ९० रूपाच्या. बाकीच्या अशा: चेकआउटवर जीएसटी क्रमांकाचा रकाना आणि तो १५ अक्षरांचा आहे का ही तपासणी; ५,००० रुपयांवर कॅश ऑन डिलिव्हरी बंद; कॅश ऑन डिलिव्हरीला ४० रुपये आकार; तेलाच्या बाटल्या ठरावीक पिनकोडांपलीकडे न पाठवण्याचं बंधन; ऑर्डरच्या मेलमध्ये पॅकिंगची सूचना. एका ओळीत पर्यायांसाठी '५०' असा आकडा दिलाय, शेजारी टिपण नाही. उपयोग दिसत नाही, म्हणून वगळण्याच्या यादीत टाकली.

थीमच्या आतल्या वूकॉमर्स फोल्डरमध्ये ११ टेम्पलेट फाइली आहेत. वूकॉमर्सच्या मूळ फाइलींऐवजी याच वापरल्या जातात. वूकॉमर्सच्या 'स्टेटस' पानाच्या तळाशी यांची यादी येते आणि कालबाह्य असलेल्यांपुढे तसं लिहिलेलं असतं. ११ पैकी ७ कालबाह्य. या फाइली नव्या थीममध्ये उचलून टाकायच्या नाहीत. प्रत्येकीची वूकॉमर्सच्या मूळ फाइलीशी तुलना करून, जो फरक खरोखर हवाय तो शक्य तिथे हुकवर (वूकॉमर्सने आपला कोड जोडायला ठेवलेल्या जागेवर) आणायचा.

थीमच्या सेटिंग्जच्या चौकटीत, म्हणजे कोडमध्ये नव्हे तर डेटाबेसमध्ये: गिऱ्हाइकांच्या हालचाली मोजणारा ट्रॅकिंग कोड, तळपट्टीतला १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) परवाना क्रमांक, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क. शेवटच्या दोन गोष्टी गेल्या तर दुकान नियमाबाहेर जातं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील साइटवर दिसायलाच हवा. वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) नियमांनुसार पाकीटबंद वस्तूच्या पानावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, मूळ देश हेही लागतं. इथे ते सगळं थीमच्या 'जादा टॅब'मध्ये भरलेलं आहे. म्हणजे मजकूर डेटाबेसमध्ये शाबूत राहील, पण थीम गेली की दाखवणारं कुणी राहणार नाही.

पानांच्या मजकुरात थीमचे स्वतःचे शॉर्टकोड (चौकोनी कंसातल्या खुणा, ज्यांच्या जागी कोड तयार मजकूर दाखवतो): २३ पानांवर. थीम गेली की गिऱ्हाइकाला चौकोनी कंसातला कच्चा मजकूर दिसेल. यादी केली.

शुक्रवार, १३ जून

नक्कल उभी केली. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर.

फाइली आणि डेटाबेस उतरवला, पण नक्कल ब्राउझरमध्ये उघडण्याआधी चार कामं केली. मेल बाहेर जाणं सर्व्हरच्या पातळीवरच थांबवलं, येईल तो मेल एका फाइलीत पडतो. वर्डप्रेसचा क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं सोडणारी यंत्रणा) बंद केला. पेमेंटच्या खऱ्या चाव्या काढून चाचणीच्या घातल्या. पूर्ण साइटला सर्व्हरचा पासवर्ड लावला. सर्च इंजिनांना नुसतं 'येऊ नका' सांगून भागत नाही.

ब्राउझरमध्ये आधी उघडायचं का नाही? नक्कल उघडली की पहिल्याच भेटीत क्रॉन जागा होतो आणि वूकॉमर्सची वेळापत्रकातली कामं सुटतात. आज त्या रांगेत 'अभिप्राय द्या' असे १४ मेल होते. मेल आधी थांबवला नसता तर गिऱ्हाइकांना चालू दुकानाकडून एक आणि नकलेकडून एक असे दोन-दोन मेल गेले असते.

साइटचा पत्ता बदलण्यासाठी डेटाबेसमध्ये साधं शोधा-बदला चालवायचं नाही. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज एका बांधलेल्या स्वरूपात ठेवतो, ज्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. चालू साइटचा पत्ता २४ अक्षरांचा असेल तर आधी २४ हा आकडा असतो. साध्या बदलीने पत्ता ३१ अक्षरांचा होतो, आकडा २४ च राहतो, आणि ती पूर्ण सेटिंग वाचताच येत नाही. बाहेरून दिसतं ते एवढंच की विजेट गेले, थीमची सेटिंग्ज कोरी झाली. वर्डप्रेसच्या कमांड लाइनवरची शोधा-बदला आज्ञा लांबीसुद्धा दुरुस्त करते, तीच वापरली. आधी कोरडी फेरी (काहीही न बदलता नुसतं पाहणं), मग खरी.

गिऱ्हाइकांची नावं, फोन, पत्ते नकलेत बदलून टाकले. चाचणीला खरी माणसं लागत नाहीत.

मंगळवार, १७ जून

थीममधलं वागणं एका छोट्या प्लगइनमध्ये हलवलं. हे प्लगइन थीम बदलताना नव्हे, त्याच्या बरंच आधी, जुनी थीम चालू असतानाच चालू दुकानावर चढवायचं. सगळ्या कामातली मोलाची पायरी हीच. असं केलं की बदलाच्या दिवशी खरोखर फक्त रूप बदलतं. जीएसटीचा रकाना, आकार, पिनकोडची बंधनं आधीच नव्या घरी राहायला गेलेली असतात आणि तीन आठवडे तिथे नांदलेली असतात.

एक एक करून हलवलं. एकाच नावाचं फंक्शन थीममध्येही आहे आणि प्लगइनमध्येही, असं झालं की साइट जागच्या जागी बंद पडते. नाव बदलून टाळलं तर त्याहून वाईट: दोन्ही चालतात. नकलेवर मुद्दाम करून पाहिलं. कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार ४० च्या जागी ८० लागला, आणि कुठेही चूक म्हणून नोंद नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी नियम असा: थीममधून काढणं आणि प्लगइनमध्ये चालू करणं एकाच वेळी, लगेच एक चाचणी ऑर्डर, मग पुढचा तुकडा.

चालू दुकानावर पहिले तीन तुकडे आज दुपारी चढवले. उरलेले परवा.

शुक्रवार, २० जून

नव्या थीमची चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी, फक्त आपले बदल ठेवणारी थीम) केली. फोल्डरचं नाव आजच कायमचं ठरवलं, कारण थीमची सेटिंग्ज डेटाबेसमध्ये फोल्डरच्या नावाने साठवली जातात. मूळ थीमवर सेटिंग्ज करून मग चाइल्ड थीम चालू केली की सगळं कोरं दिसतं, आणि मागाहून फोल्डरचं नाव बदललं तरी तेच. 'अतिरिक्त सीएसएस'ही (रूपाचे जादा नियम) थीमवार वेगळं साठवलं जातं. ते तिथे न ठेवता चाइल्ड थीमच्या फाइलीत आणलं.

कार्ट आणि चेकआउट ब्लॉकवर (वर्डप्रेसच्या नव्या पद्धतीच्या तयार तुकड्यांवर) न्यायचं का, यावर बराच खल झाला. वूकॉमर्सने नव्या दुकानांसाठी ८.३ पासून ब्लॉकचं चेकआउट मूळ ठेवलंय, पण जुन्या दुकानांची पानं शॉर्टकोडवरच राहतात. आपला जीएसटीचा रकाना जुन्या हुकवर आहे आणि ब्लॉकच्या चेकआउटमध्ये तो हुक चालतच नाही. रकाना मुकाट्याने गायब होतो. वेगळ्या पद्धतीने पुन्हा लिहावा लागेल. या फेरीत नाही. चेकआउट शॉर्टकोडवरच.

११ टेम्पलेटपैकी शेवटी दोनच उरल्या. बाकीच्यांतले फरक हुक आणि सीएसएसने भागले.

सोमवार, २३ जून

मराठी अक्षरं. ही नोंद लांबतेय, पण थीम विकणाऱ्यांच्या नमुना दुकानांत देवनागरी बहुधा नसते, त्यामुळे हे आपल्यालाच शोधावं लागतं.

नव्या थीममध्ये मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर १ पिक्सेल दिलंय. रोमन अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते: 'काजूगर' चार तुकड्यांत दिसतं, प्रत्येक अक्षरावर आपली आपली छोटी रेघ. मथळे, बटणं, मेनू, किमतीची पट्टी अशा सात ठिकाणी अंतर शून्य केलं.

दुसरं, ओळीची उंची. वस्तूच्या कार्डावर ती १.१ आणि वर 'बाहेरचं कापा' अशी सूचना. 'मिर्ची' लिहिलं तर रफार अर्धा जातो, 'तांदूळ'मधल्या 'दू'चा ऊकार खालून कापला जातो. १.५ केली. कार्डं थोडी उंच झाली, होऊ देत.

तिसरं, फाँट. थीमसोबत आलेल्या फाइलीत देवनागरी नाहीच, त्यामुळे आकडे एका फाँटमध्ये आणि नावं फोनच्या फाँटमध्ये दिसत होती. देवनागरी आणि लॅटिन दोन्ही असलेला फाँट सर्व्हरवरच ठेवला, दोनच जाडी: साधी आणि ठळक. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फाइल मोठी होते, चार जाड्या ठेवल्या तर मोबाइलवर ताण येतो. फाँट येईपर्यंत फोनच्या फाँटमध्ये मजकूर दिसावा अशी सूचना दिली. केपेतल्या किंवा सत्तरीतल्या गावात पावसात नेटवर्क एका दांडीवर आलं की कोऱ्या पानाकडे बघत कुणी थांबत नाही.

उद्या सांजांव (सेंट जॉनचा सण), काम बंद.

शुक्रवार, २७ जून

फोटो. थीम बदलली की फोटोंचे आकार बदलतात आणि सगळे छोटे फोटो नव्याने करावे लागतात. बदल झाल्यावर हे सुरू केलं तर पहिले काही तास दुकानात धूसर किंवा ओबडधोबड कापलेले फोटो दिसतात, आणि सर्व्हर त्याच कामात गुंतल्यामुळे चेकआउटही मंदावतं.

नकलेवर फोटो तयार करून फाइली वर चढवल्या तर? पुरत नाही. कुठल्या फोटोचे कुठले आकार उपलब्ध आहेत याची नोंद डेटाबेसमध्ये असते. नोंद नसेल तर फाइल असूनही वर्डप्रेस ती वापरत नाही.

मार्ग असा काढला: नव्या थीमला लागणारे तीन आकार आपल्या प्लगइनमधूनच, वेगळ्या नावांनी, आतापासून चालू दुकानावर नोंदवले. नवी चाइल्ड थीम याच नावांचे फोटो मागते. जुनी थीम त्यांच्याकडे बघतही नाही. मग चालू दुकानावर रात्री साडेबारा ते पाच, ५०-५० च्या तुकड्यांनी फोटो तयार केले. साधारण १,६५० मूळ फोटो, तीन-तीन आकार, सरासरी ६० केबी. ३०० एमबीच्या आसपास जागा. आधी डिस्क तपासली. १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडताना सुमारे ५० एमबी मेमरी लागते, म्हणून एका वेळी एकच प्रक्रिया. नऊ फोटो अडकले. नऊही अर्धवट चढलेल्या फाइली होत्या, जुन्या थीममध्येही फुटलेलेच दिसत असणार. मालकांकडून नवे मागवले.

कमांड सर्व्हरवरच्या टिकणाऱ्या सत्रात चालवल्या. रात्री दोनदा वीज गेली, आपली जोडणी तुटली, काम चालू राहिलं.

मंगळवार, १ जुलै

ताज्या नकलेवर पहिली रंगीत तालीम. सेटिंग्ज हलवताना एक सापळा सापडला.

थीमच्या सेटिंग्जची एकच नोंद जुन्या नकलेवरून काढून ताज्या नकलेत घातली. डोक्यावर बोधचिन्हाऐवजी खोला मिरचीच्या पाकिटाचा फोटो आला. कारण: सेटिंग्जमध्ये बोधचिन्हाची फाइल नसते, तिचा क्रमांक असतो. बोधचिन्ह आपण १३ जूननंतर नकलेवर चढवलं, तिथे त्याला जो क्रमांक मिळाला तोच क्रमांक मधल्या काळात चालू दुकानात मिरचीच्या फोटोला मिळाला होता. मेनूंचंही तसंच, तेही क्रमांकाने जोडलेले असतात.

उपाय: नवं बोधचिन्ह, बॅनर आणि नवे मेनू आधी चालू दुकानावर तयार करायचे (कुठे दिसत नाहीत, नुसते असतात), मग ताजी नक्कल घ्यायची, आणि तिच्यावरच सेटिंग्ज करून ती नोंद वर न्यायची. डेटा वर जाण्याचा हा एकच अपवाद: एक नोंद, आणि तीसुद्धा अशी की जिला ऑर्डरींशी काही देणंघेणं नाही.

शॉर्टकोडांची २३ पानं संपली. साध्या ब्लॉकमध्ये लिहिली, दोन्ही थीमवर चालतात, म्हणून चालू दुकानावर आजच बदलली.

शुक्रवार, ४ जुलै

दुसरी तालीम, ही परतीची. मागे फिरायचं म्हणजे काय हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. मागे फिरायचं म्हणजे जुनी थीम पुन्हा चालू करायची आणि कॅश (वेगासाठी साठवलेल्या प्रती) पुसायची. बॅकअप परत चढवायचा नाही. सकाळी सहाचा डेटाबेस नऊ वाजता परत चढवला तर तीन तासांच्या ऑर्डरी जातात. बॅकअप फक्त डेटाबेस खरोखर फाटला तर. घड्याळ लावून पाहिलं: निर्णयापासून जुनं दुकान दिसेपर्यंत ४ मिनिटं. विजेट जागेवर परत आले, मेनूही.

दुकान बंद ठेवायचं का? नाही. थीम बदलणं म्हणजे डेटाबेसमधल्या दोन मूल्यांची बदल, क्षणाचं काम. उलट बंद ठेवण्यात धोका आहे. गिऱ्हाईक यूपीआयच्या ॲपमध्ये पिन टाकत असतं आणि त्याच वेळी पेमेंट कंपनीचा 'पैसे मिळाले' हा निरोप आपल्या बंद दारावर आदळून परत जातो. ऑर्डर 'पेमेंट बाकी' राहते, आणि वूकॉमर्समध्ये साठा राखून ठेवण्याची मुदत मुळात ६० मिनिटं असते. ती संपली की ऑर्डर आपोआप रद्द. पैसे कापलेले, ऑर्डर रद्द, वस्तू दुसऱ्याला विकलेली. कधी बंद ठेवावंच लागलं तर निरोप येण्याचा तो पत्ता उघडा ठेवायचा.

परत फिरण्याच्या अटी लिहिल्या: चेकआउट पूर्ण होत नाही, कर चुकतो, पेमेंटचा निरोप ऑर्डरवर उमटत नाही. यातलं काहीही १५ मिनिटांत सुटलं नाही तर परत. रंग, अंतरं, फोटो यासाठी परत फिरायचं नाही.

मंगळवार, ८ जुलै

बदलाचा दिवस. मंगळवार सकाळ निवडली, कारण गेल्या आठ आठवड्यांत पहाटे ५ ते ७ मध्ये सर्वात कमी ऑर्डरी आहेत आणि पुढे पूर्ण कामाचा दिवस मिळतो. शुक्रवार टाळायचाच: त्यामागे शनिवार-रविवार, आणि म्हापशाच्या बाजारामुळे दुकानातली माणसं बाहेर.

५.३५ डेटाबेस आणि फाइलींचा बॅकअप, सर्व्हरबाहेर उतरवला, उघडतो का पाहिलं. ५.५० पानांची कॅश बंद. नव्या थीमच्या फाइली ५ तारखेलाच चढवून ठेवल्या होत्या. न चालवलेली थीम कुणाला त्रास देत नाही. ५.५५ सेटिंग्जची नोंद घातली. ६.०२ थीम बदलली. लगेच कॅश पुसल्या, आतून बाहेर या क्रमाने: पीएचपीची ऑपकॅश (कोडची), ऑब्जेक्ट कॅश (डेटाबेसच्या उत्तरांची), पानांची कॅश, शेवटी सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर ठेवलेल्या प्रती). उलट क्रमाने पुसलं तर आतली शिळी प्रत बाहेरच्या रिकाम्या कॅशमध्ये पुन्हा भरली जाते.

६.०८ पासून खऱ्या ऑर्डरी, खऱ्या पैशांनी, १०० ग्रॅम सोलांच्या पाकिटाच्या. फोंड्याचा पत्ता, यूपीआय: केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी वेगवेगळा लागला, बरोबर. बेळगावचा पत्ता, कार्ड: एकत्रित आयजीएसटी, बरोबर. कॅश ऑन डिलिव्हरी: ४० रुपये, एकदाच. ५,००० वरची कार्ट: तो पर्यायच दिसत नाही, बरोबर. ३० ने सुरू होणारा गोव्याचा जीएसटी क्रमांक: बिलावर आला. कूपन, मेल, साठ्यातली घट, सगळं पाहिलं. पैसे परत करण्याचीही चाचणी याच ऑर्डरींवर झाली.

६.३१ बिघाड. मोबाइलवर काजूच्या पानावर वजन निवडलं तरी 'कार्टमध्ये टाका' बटण निद्रिस्त. दुसऱ्यांदा निवडलं की चालतं. नकलेवर हे एकदाही दिसलं नव्हतं. कारण सापडायला ११ मिनिटं लागली: वेग वाढवणाऱ्या प्लगइनमध्ये 'पहिल्या स्पर्शापर्यंत स्क्रिप्ट थांबवा' ही सोय चालू आहे. जुन्या थीमची पर्यायांची स्क्रिप्ट तिच्या अपवादांत नावानिशी होती, आता वूकॉमर्सची मूळ स्क्रिप्ट आली आणि ती अपवादांत नाही. पहिला स्पर्श स्क्रिप्ट जागी करण्यात खर्च होतो. अपवादांत घातली, ६.४५ ला सुरळीत. नकलेवर ते प्लगइन आपण पासवर्डमुळे त्रास नको म्हणून बंद ठेवलं होतं. यापुढे नक्कल म्हणजे सगळ्या प्लगइनांसकट नक्कल.

७.१० पानांची कॅश पुन्हा चालू. कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' कॅशच्या बाहेर आहेत ना, हे दोन वेगवेगळ्या फोनवर पाहिलं. एकाची कार्ट दुसऱ्याला दिसणं यासारखा वाईट बिघाड नाही.

गुरुवार, १० जुलै

पॅकिंगवरून निरोप: डब्ल्यू-१८० ग्रेडच्या काजूचं ५ किलोचं पाकीट आपण करत नाही, तरी ते 'उपलब्ध नाही का?' म्हणून दोन गिऱ्हाइकांचे फोन. जुन्या दुकानात तो पर्याय निवडताच येत नव्हता.

हीच ती वगळलेली '५०' ची ओळ. एखाद्या वस्तूचे पर्याय ३० पर्यंत असतील तर वूकॉमर्स ते सगळे पानासोबतच पाठवतो आणि नसलेल्या जोड्या यादीतून काढतो. ३० च्या वर गेले की प्रत्येक निवड सर्व्हरला विचारली जाते, आणि यादीत सगळंच दिसत राहतं. काजूगराला सहा ग्रेड, सहा वजनं. त्यातल्या ३४ जोड्या खऱ्या. ती ओळ ही मर्यादा ३० वरून ५० वर नेत होती. प्लगइनमध्ये परत घातली, यावेळी शेजारी कारण लिहून. टिपण नसलेली ओळ निरुपयोगी असते असं समजणं चूक होतं. तिचा परिणाम शोधल्याशिवाय ती वगळायची नाही, हे यादीच्या कामात कायमचं लिहिलं.

सोमवार, १४ जुलै

सर्च इंजिनांची बाजू. पानांचे पत्ते बदललेले नाहीत, ते थीमवर अवलंबून नसतात. पण वस्तूच्या पानावर किंमत आणि साठ्याची संरचित माहिती दोनदा जात होती, एक वूकॉमर्सची आणि एक नव्या थीमची. थीमची बंद केली. वर्गांच्या पानांवर मुख्य मथळा नव्हता, घातला. खरेदीची नोंद ट्रॅकिंगमध्ये एकदाच जाते, हे तीन ऑर्डरींवर ताडून पाहिलं.

४१२ ही पानांवर निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादक आणि मूळ देश छापून येतात का ते स्क्रिप्टने तपासलं. सहा ठिकाणी मूळ देश रिकामा; तो जुन्या थीममध्येही रिकामाच होता. मालकांनी भरला.

सोमवार, २८ जुलै

पीएचपी ८.२ वर नेली, आधी नक्कल, मग चालू दुकान, सकाळी ६ ला. त्रुटींच्या नोंदवहीत थीमकडून काही नाही. कुरियरच्या जुन्या प्लगइनच्या दोन सूचना आहेत, काम अडत नाही.

जुन्या थीमचं फोल्डर अजून काढलेलं नाही. काही गिऱ्हाइकांच्या ब्राउझरमध्ये आणि सीडीएनच्या एखाद्या टोकाला जुनं पान शिल्लक असतं आणि ते जुन्या थीमच्या सीएसएस फाइली मागतं. मात्र ८.२ वर ती थीम चालणारच नाही, त्यामुळे परतीसाठी तिचा आता उपयोग नाही. परतीची वाट म्हणून वर्डप्रेसची एक मूळ थीम ठेवली आहे.

बाकी: जुन्या थीमचं फोल्डर चवथीनंतर, ८ सप्टेंबरला काढणे, झिप सर्व्हरबाहेर. ब्लॉकच्या चेकआउटसाठी जीएसटीचा रकाना नव्याने लिहिणे, ऑक्टोबरपूर्वी हात लावायचा नाही. चवथीपर्यंत थीमच्या फाइलींत बदल बंद. फक्त चेकआउट अडलं तरच.